वेल्सची नऊ वर्षे आणि वीस टन माती

मलिंगारच्या मराठी मंडळींत नरेश पोतनीस यांची ओळख ‘उर्मिलाचे मिस्टर’ एवढीच होती. ती त्यांनी मुकाट्याने स्वीकारली होती असे मात्र कुणी समजू नये, कारण कोणतीही गोष्ट मुकाट्याने स्वीकारणे त्यांच्या प्रकृतीस मानवत नसे. पदपथावरची ओली पाने उचलली गेली नाहीत, डब्लिनची गाडी उशिरा सुटली, कालव्याकाठचे बाक कुणी उलटे बसवले, या सर्व बाबींवर त्यांनी रीतसर तक्रारी केलेल्या होत्या. कोणत्याही प्रश्नाला ‘ग्रँड’, म्हणजे ‘झकास’, हे एकच उत्तर देणाऱ्या लोकांपुढे गाऱ्हाणे मांडावे तरी कसे, ही त्यांची एकूण आयर्लंडविषयीची तक्रार होती. परंतु त्यांची सर्वांत मोठी, सर्वांत जुनी आणि पूर्णपणे न्याय्य अशी तक्रार घरातली होती, आणि तिची सुनावणी कुठेच होत नव्हती. आयुष्यातली सर्वांत आनंदाची नऊ वर्षे त्यांना कुणाला सांगता येत नव्हती.

ही नऊ वर्षे त्यांनी वेल्समध्ये टिपर चालवण्यात घालवली होती. टिपर म्हणजे आपल्याकडे ज्याला डंपर म्हणतात तोच, मागचा हौदा उचलून माल ओतणारा ट्रक.

तत्पूर्वी ते कराडच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्राचे तासिका तत्त्वावरचे व्याख्याते होते. शिक्षण एम. ए., एम. फिल. त्यांच्या पत्नी डॉ. उर्मिला भूलतज्ज्ञ. मिरजेला शिकलेल्या. त्यांना वेल्सच्या एका दरीतल्या गावी इस्पितळात नोकरी मिळाली आणि पोतनीस कुटुंब तिकडे गेले. भारतीय राज्यघटनेचा अभ्यासक त्या दरीत कुणालाच नको होता. अवजड वाहनांचे चालक मात्र सगळ्यांना हवे होते. सहा महिने ग्रंथालयात बसून अर्ज खरडल्यावर नरेशरावांनी एके सकाळी वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि लॉरीचा परवाना काढायला गेले. पहिल्या परीक्षेत ते गाडी मागे घेताना नापास झाले. परीक्षकाने त्यांना सुधारणेस वाव असल्याचे सांगितले तेव्हा, हे वाक्य आपण स्वतः किती विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लिहिले आहे याची त्यांना आठवण झाली. दुसऱ्या परीक्षेत पास झाले.

पहिली नोकरी एमरिस नावाच्या म्हाताऱ्याकडे. त्याच्या तीन लॉऱ्या, तीन मुली, आणि प्रत्येक लॉरीच्या कपाळावर एकेका मुलीचे नाव रंगवलेले. नरेशरावांच्या वाट्याला मधली आली. मुलीचा आणि गाडीचा स्वभाव एकच आहे, चढावर कुरकुर करते आणि उतारावर ऐकत नाही, असे एमरिसने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. त्या दरीत निम्म्या लोकांची नावे आणि आडनावे सारखीच, त्यामुळे माणसाला त्याच्या कामाने ओळखण्याची तिथली रीत. दूधवाला अमुक, कोळसेवाला तमुक. नरेशराव डोंगरावरच्या खाणीतून चुनखडीचा दगड आणीत, म्हणून महिन्याभरात ते ‘नरेश द स्टोन’ झाले. कराडच्या महाविद्यालयाने सात वर्षांत त्यांना धड पदनाम दिले नव्हते. इथे एका खाणीने महिन्यात दिले.

नंतरची कंपनी मोठी. आठ चाकांच्या गाड्या, कधी दगड, कधी ओली चिकणमाती, कधी रस्त्यावर पसरायची गरम डांबरी खडी. या डांबरी खडीवर ताडपत्री घालावी लागे, आणि त्या ताडपत्रीच्या कडेला नरेशरावांनी आपला डबा ठेवण्याची सोय शोधून काढली. जाड पत्र्याचा डबा, वर चंदेरी कागदाच्या चार घड्या. दीड तासात बटाट्याची भाजी अशी वाफाळून निघे की ग्विन नावाचा त्यांचा सहकारी रोज गाडी शेजारी लावून, आपल्या हाती गार सँडविच धरून, नुसताच उभा राही. शेवटी नरेशराव दोन डबे नेऊ लागले. डोंगरावर धुके असे, धुक्यात मेंढ्या असत, आणि गाडीच्या केबिनमध्ये बसल्यावर माणूस कुंपणांच्या वरून जग पाहत असे. कराडच्या वर्गात पाठीमागच्या बाकावरची मुले झोपली तर त्यांना दिसत नसे. इथे पुढच्या तीन वळणांवरची मेंढी दिसे.

असे हे वैभव होते, आणि त्यावर कुलूप लागले एका फोनमुळे.

उर्मिलाबाईंचे वडील अण्णा हे कोरेगावचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलीसाठी आलेले एका शल्यविशारदाचे स्थळ बाजूला ठेवून त्यांनी नरेशरावांना होकार दिला होता, तो ‘प्राध्यापक आहे, पेशा स्वच्छ आहे’ या एका कारणासाठी. तेव्हा जावई लॉरी चालवतो हे त्यांना सांगावे कसे? उर्मिलाबाईंनी फोनवर ‘वाहतुकीच्या व्यवसायात आहेत’ असे सांगितले. पुढच्या फोनला अण्णांनी विचारले, हाताखाली माणसे किती? उर्मिलाबाईंनी फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिले. नरेशराव बूट काढीत होते. ते म्हणाले, “आठ आहेत म्हणावं. चाकं.” उर्मिलाबाईंनी पहिले वाक्य तेवढे पोहोचवले. कोरेगावात जावई आठ माणसांचा मॅनेजर झाला.

इथपर्यंत ठीक होते. पुढे अण्णांच्या धाकट्या भावाचा मुलगा प्रसन्न पदविका घेऊन घरी बसला, आणि अण्णांनी, आयुष्यात प्रथमच, जावयाकडे शब्द टाकला. आठ आहेत तिथे नववा ठेवून घ्या. नरेशरावांनी मंदीचे कारण सांगितले. सहा महिन्यांनी पुन्हा विचारणा झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा मंदीच सांगितली, कारण उर्मिलाबाईंनी दुसरे काही ठरवून दिले नव्हते. त्यानंतर अण्णांनी विचारले नाही. जावयाशी बोलणेही सोडले. दर रविवारी फोन येई, मुलीशी बोलत, नातीशी बोलत आणि ‘ते बरे आहेत ना?’ असे विचारून ठेवून देत. चौदा वर्षे हेच. नरेशराव शेजारच्या खुर्चीत बसलेले असत, आणि आपल्याविषयी तृतीयपुरुषी विचारपूस ऐकत.

त्यांना अण्णांविषयी मनापासून आदर होता, आणि दुखणे नेमके तेच होते. एका वाक्यात ते निर्दोष ठरू शकत होते. मी मॅनेजर नव्हतो, ड्रायव्हर होतो, आणि ड्रायव्हर कुणाला नोकरीला लावू शकत नाही. परंतु हे वाक्य उच्चारण्याची त्यांना परवानगी नव्हती. पुढे उर्मिलाबाईंना मलिंगारच्या इस्पितळात अधिक चांगली जागा मिळाली, वेल्स सुटले, नरेशराव एका किराणा-साखळीच्या गोदामात पाळीचे पर्यवेक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली खरोखरच अकरा माणसे आली. त्यांची संख्या मात्र कुणीच विचारली नाही. वेल्सच्या कथांना श्रोता उरला तो एक, मुलगी केतकी. तीही आता डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकमधल्या एका कंपनीत लागली होती, शनिवार-रविवारी घरी येई आणि वडिलांनी तोंड उघडताच म्हणे, “बाबा, प्लीज, नॉट द शीप वन अगेन.”

गेल्या जूनमध्ये अण्णा तीन महिन्यांसाठी आले. विमानतळावर त्यांनी मुलीला जवळ घेतले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि जावयाला नमस्कार केला. नमस्कार अत्यंत अदबीचा होता. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला करतात तसा.

आदल्या रात्री उर्मिलाबाईंनी बजावले होते. एरवी त्या नवऱ्याला नावाने हाक मारीत. वडिलांसमोर ‘अहो’ म्हणत, आणि त्या रात्रीपासूनच त्यांनी सराव सुरू केला होता. “अहो, तीन महिने. वेल्सचं अक्षर काढायचं नाही.”

“धुक्याविषयी बोललं तर चालेल?”

“धुक्यात तुम्ही काय करत होतात ते विचारतील. नाही चालणार.”

अण्णा माकडटोपी घालून घरात वावरू लागले. त्यांच्याही तक्रारी होत्या, आणि नरेशरावांना त्या सर्व मान्य होत्या, हे आणखी एक दुर्दैव; इतक्या उत्तम तक्रारी करणाऱ्या माणसाशी बोलणे नसावे! इथल्या माणसांचे इंग्रजी अण्णांना कळत नसे. स्वतः तीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाला दुकानातली पोरगी काय म्हणाली ते समजू नये, यात दोष पोरीचा आहे असे त्यांचे स्पष्ट मत होते. दुसरी तक्रार परसाची. घर नवे, आणि बांधकामवाल्याने मागे नुसते दगडगोटे पुरून वर हिरवळीचा पातळ पदर अंथरलेला. अण्णांनी मेथी टाकण्यासाठी खुरपे मारले तर विटेचे तुकडे निघाले. “इथे मातीच नाही,” असे ते मुलीला म्हणाले. जावई शेजारी उभे होते.

नरेशरावांनी ही संधी मानली. सासऱ्यांना माती आणून द्यायची. उर्मिलाबाई म्हणाल्या, बागेच्या दुकानातून दहा पोती आणा म्हणजे झाले. परंतु ज्याने नऊ वर्षे हौद्याने माल वाहिला त्याने पोत्यातून माती आणायची, हे नरेशरावांच्या मनाला पटेना. उर्मिलाबाई कामावर गेल्यावर त्यांनी माती पुरवणाऱ्या एका स्थानिक माणसाला फोन लावला.

तो फोन हा त्या उन्हाळ्यातला त्यांचा पहिला आनंद होता. पलीकडच्याने विचारले, रस्ता कसा आहे? नरेशराव म्हणाले, काँक्रीटचा, सपाट, हौदा वर करायला हरकत नाही. वर तारा? नाहीत, तारा पलीकडच्या बाजूने जातात. गाडी वळेल? वळणार नाही, मागे घेत यावी लागेल, मी उभा राहतो. चाळलेली का साधी? चाळलेली. पलीकडच्याला हा कुणी जुना कंत्राटदार असावा असे वाटले, आणि त्याने मोकळेपणाने विचारले, किती देऊ? नरेशरावांच्या तोंडून नऊ वर्षे ज्या शब्दांत उत्तर गेले होते त्याच शब्दांत ते गेले: एक लोड. आठ चाकांवर एक लोड म्हणजे वीस टन. हे इतर कुणाला ठाऊक नसते तर क्षम्य होते; त्यांना ते स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्के ठाऊक होते. परंतु आनंदात माणूस गुणाकार करीत नाही.

शुक्रवारी सकाळी गाडी आली. आठ चाकांची, लाल, ताडपत्री ताणून बसवलेली. ती पाहताच नरेशरावांना आपली चूक कळली, आणि त्याच क्षणी तिचे काही वाटेनासेही झाले. ते रस्त्यात जाऊन उभे राहिले. दोन्ही हात आपोआप वर गेले. डावीकडे, डावीकडे, सरळ, ये, ये, थांब. डेक्लन नावाचा ड्रायव्हर आरशातून त्यांच्याकडे पाहत पाहत दोन मोटारींच्या मधून गाडी अशी मागे घेत आला, जणू दोघे वर्षानुवर्षे एकत्र काम करीत होते. अण्णा माकडटोपीसह दारात येऊन उभे राहिले.

हौदा वर जाऊ लागला. हौद्याचा मागचा फाळका सुटला आणि काळी, भुसभुशीत, ओलसर वासाची माती आवाज न करता घरापुढे उतरू लागली, आणि उतरतच राहिली. डेक्लनने इंजिन बंद करून खाली उडी मारली आणि काहीतरी विचारले.

इथे नरेशरावांनी दुसरी चूक केली. इथल्यांचे इंग्रजी अण्णांना कळत नाही याची त्यांना खात्री होती, आणि ती योग्यच होती. डेक्लनचा एक शब्दही अण्णांना कळला नाही. पण नरेशरावांचे इंग्रजी कराडचे होते.

“नाइन इयर्स,” नरेशराव म्हणाले. “इन वेल्स.”

डेक्लनने काहीतरी म्हटले.

“स्टोन, क्ले, हॉट टार, एव्हरीथिंग.”

डेक्लनने आदराने मान हलवून आणखी काही विचारले. स्वतःच्या गाड्या होत्या का, असे ते असावे.

“नो, नो. नॉट ओनर, नॉट मॅनेजर,” नरेशराव हसून म्हणाले. त्यांचा आवाज, त्यांच्याही नकळत, दारापर्यंत सहज पोहोचेल इतका मोठा झाला होता. “ओन्ली ड्रायव्हर!”

अण्णा दारातून आत गेले.

संध्याकाळी उर्मिलाबाई आल्या, त्यांना मोटार लावायला जागा नव्हती. त्या मोटार रस्त्यावर ठेवून मातीच्या डोंगराला वळसा घालीत, एक पाय घोट्यापर्यंत रुतवून, घरात शिरल्या. केतकी डब्लिनहून येऊन नुकतीच टेकली होती. जेवणे वाढली गेली. आमटीचा भुरका मारून अण्णांनी चौदा वर्षांत प्रथमच जावयाकडे पाहून प्रश्न केला.

“नरेशराव, ती हाताखालची आठ माणसं. ती कोण होती?”

नरेशरावांनी बायकोकडे पाहिले. बायकोने आमटीकडे पाहिले.

“चाकं होती, अण्णा.”

केतकीला ठसका लागला. अण्णांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

“म्हणजे प्रसन्नला लावून घेणं तुमच्या हातात नव्हतं.”

“नव्हतं.”

“आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार,” अण्णा स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी पोळी दुमडून ताटात ठेवली, आणि चिडले म्हणजे शाळेतली भाषा सुटून कोरेगावची तोंडी येई तशी ती आली. “अवो, मग एक शब्द बोलायचा न्हाई व्हय? सगळ्या भावकीत सांगत हिंडलो मी, जावई कोत्या मनाचा म्हणून. लग्नाकार्यात सांगितलं. तुमच्या पाठीमागं चौदा वर्षं तुमची नालस्ती केली, आन् तुम्ही गप?”

“अण्णा, मीच यांना सांगितलं होतं...” उर्मिलाबाईंनी सुरुवात केली.

“तुझं नंतर बघतो,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि शस्त्रक्रियागृहात भल्याभल्यांना गप्प बसवणाऱ्या उर्मिलाबाई पाटावर बसल्यासारख्या ताठ झाल्या. मग अण्णांनी, आवाज खाली आणून, मुलीलाच सांगितले. “मला काय वाटेल याची धास्ती होती ना तुला? तर वाटलं. प्राध्यापकाचा ड्रायव्हर झाला हे ऐकून दुपारभर वाईट वाटलं, जेवण गोड लागलं नाही, खोटं कशाला बोलू? पण चिक्कू जावयापेक्षा ड्रायव्हर जावई केव्हाही बरा. वाढ भात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्याबरोबर अण्णांनी धाकट्या भावाला फोन केला. फोनवर अंतराच्या प्रमाणात ओरडावे लागते असा त्यांचा समज होता, त्यामुळे भावाबरोबरच शेजारच्या आयरिश कुटुंबासही कळले की जावई मॅनेजर नव्हते, ड्रायव्हर होते, आणि प्रसन्नच्या बाबतीत त्यांना कुणी बोल लावू नये. पलीकडून कळले की प्रसन्न तलाठी होऊन दहा वर्षे झाली आहेत, आणि वेल्सची ती गोष्ट त्याला आठवतही नाही. अण्णांना याचा थोडा राग आला. इतकी वर्षे जोपासलेला आकस दुसऱ्या पक्षाने परस्पर सोडून द्यावा, हे त्यांना शिस्तीला धरून वाटले नाही.

प्रश्न मातीचा राहिला. परसाला दोन टन पुरेसे झाले. उरलेल्या अठरा टनांसाठी केतकीने तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप टाकला: माती फुकट, फावडे आपापले. रविवारी मलिंगारची समस्त मराठी वैद्यकशाखा बादल्या, टब आणि पोरांच्या पोहण्याच्या फुगवायच्या टाक्या घेऊन हजर झाली. अस्थिरोगतज्ज्ञ अंबरीश शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून आला आणि दोन फावड्यांत कंबर धरून बसला. डोंगराशेजारी खुर्ची टाकून अण्णा बसले होते. बादली भरायला येणाऱ्या प्रत्येकाला ते जावयांची ओळख करून देत. “हे आमचे जावई. वेल्समध्ये नऊ वर्षं लॉरी चालवत होते. नरेशराव, तो चिकणमातीचा प्रसंग सांगा यांना.”

नरेशराव सांगू लागले. हिवाळ्यातली सकाळ, ओली चिकणमाती थंडीने हौद्याला चिकटून बसलेली. हौदा पार वर गेला तरी माती हलेना. मग एकाएकी सगळी मागच्या टोकाशी घसरली आणि तिथेच फाळक्याला अडली, आणि पुढची चाके...

“उलाळ झाली,” अण्णा म्हणाले.

“हो, म्हणजे पुढची चाकं जमिनीवरून...”

“तेच. बैलगाडीत मागं ऊस जास्त झाला की होते तशी. उलाळ.” अण्णा अंबरीशकडे वळले. “वजन आसाच्या मागे गेलं की पुढचं उचलतं. सातवीच्या विज्ञानात आहे. हं, पुढे? तुम्ही उडी मारलीत का?”

“नाही, मी बसून...”

“बरोबर केलंत. पण परवा सांगताना ग्विन आधी ओरडला म्हणाला होतात. आज तो आलाच नाही अजून. क्रमाने सांगा.”

उन्हाळाभर हे चालले. नऊ वर्षांच्या ज्या कथांना श्रोता नव्हता त्यांना असा श्रोता मिळाला की जो तारखा जुळवून पाही, विसंगती काढी, आणि मेंढीचा प्रसंग तीन वेळा सांगायला लावून तिसऱ्या वेळी मेंढ्या कमी झाल्याचे दाखवून देई. नरेशरावांनी याबद्दल उर्मिलाबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, “नरेश, तूच म्हणत होतास ना, कुणी ऐकत नाही म्हणून?” नावाने हाक परत आली होती, आणि वडील समोर बसलेले असताना.

सप्टेंबरात मेथीचे दोन तोडे करून अण्णा परत गेले. पहिल्या रविवारी ठरल्या वेळी फोन वाजला. उर्मिलाबाई बोलल्या, केतकी बोलली, आणि नरेशराव सवयीने आपल्या खुर्चीत बसून ‘ते बरे आहेत ना’ ची वाट पाहू लागले. तेवढ्यात उर्मिलाबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला.

“तुला मागतायत.”

पलीकडून, कोरेगावापासून मलिंगारपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, अण्णा सांगत होते की घरासमोरून रोज वाळूचा एक डंपर जातो, उघडा, सगळी वाळू रस्त्याभर सांडत, आणि आज त्यांनी तो हात करून थांबवला आहे. ड्रायव्हर समोरच उभा आहे. ताडपत्री घालायला सांगितली तर म्हणतो, आजोबा, तुम्हाला यातलं काय कळतं?

“मी म्हटलं, मला नसेल कळत, आमच्या जावयांना कळतं. त्याला देतो फोन. जरा नीट सांगा त्याला, नरेशराव. आणि क्रमाने सांगा.”